कापलेलं सोनं

१

तिजोरी उघडली तेव्हा आत तीन किलो सोनं असायला हवं होतं. निघाली एक लाल कापडी थैली, तीही मुठीत मावेल एवढी.

पर्युषणाचा, जैनांच्या आठ दिवसांच्या उपासपर्वाचा, पाचवा दिवस होता. पण बँकेला कुठलं पर्युषण? तिने पाठवलेला पारखी आपला काटा टेबलावर मांडून बसला होता. कारखान्याचे मालक कुमारपाळभाई यांनी थैली उलटी केली. शंभर ग्रॅमची एक लगड बाहेर पडली आणि तिच्या मागोमाग एक अर्धवट तुकडा. पारख्याने दोन्ही तोलले, एकशे बावन्न ग्रॅम आणि वर थोडं, असं सांगितलं आणि बाकीचं कधी आणणार म्हणून विचारलं.

विरतीला हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, जामनगरच्या त्याच खोलीत, मांडीवर सात महिन्यांच्या मुलाला थोपटत. मुलाचं नाव मोठं संस्कृत होतं, पण काठियावाडात बाळाला गगोच म्हणतात, तसा तोही गगोच झाला होता. विरती राजकोटला एका कंपनीसाठी हिशेबातले घोटाळे शोधायचं काम करायची. सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. तरी मृदुलाभाभींचा फोन आला तशी ती आपल्या कंचनफईला, म्हणजे आत्याला, आणि गगोला घेऊन पहिल्या बसने निघाली, कारण फोनवर भाभी एवढंच म्हणाल्या होत्या, "जयसुखकाकांवर आळ आलाय."

जयसुखकाका म्हणजे हंसराज नरशी पितळ उद्योगाचे मुनीम. विरती कॉलेजातून निघाली ती थेट त्यांच्या हाताखाली आली होती. नफा म्हणजे काय हे तिने पुस्तकात वाचलं होतं, पण नफ्यावर हुरळू नये हे काकांनी शिकवलं. दोन वर्षांपूर्वी पेढी घालणाऱ्या हंसराजबापांचा नातू, म्हणजे कुमारपाळभाई आणि मृदुलाभाभींचा मुलगा नैषध, सिंगापूरहून शिकून आला आणि त्याने काकांना चीफ फायनान्स ऑफिसर केलं, गुळगुळीत कार्डंही छापून दिली. काकांनी ती टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. टेबल तेव्हापासून हललं नाही.

तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक काकांच्या गळ्यातल्या दोऱ्यात, दुसरी मृदुलाभाभींच्या कमरेला. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचं नाही. सोनं हंसराजबापांनी साठवलेलं. जाताना त्यांनी ते बांच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या नावावर केलं होतं. बा गेल्या चैत्रात गेल्या. आता ते घराचं होतं, आणि त्याच्या तारणावर नैषध व्हिएतनाममध्ये नवा कारखाना घालणार होता.

"भाभींनी किल्ली कधी एकटीने वापरलेली नाही," नैषध म्हणाला. तो आईला भाभी म्हणायचा, घरातले सगळे म्हणतात म्हणून. "पपांना तिजोरीत रस नाही. दुसऱ्या किल्लीची नक्कल करून घेणारं उरलं कोण, विरतीबेन?"

काका उपाश्रयात होते. दरवर्षीप्रमाणे आठ दिवसांचा पौषध, म्हणजे घर सोडून साधूसारखं राहणं. त्यात अठ्ठाईचा उपास, दिवसा फक्त उकळलेलं पाणी. आणि त्यावर मौन. नैषध काल तिथे जाऊन आला होता. किल्ली मागितली तेव्हा काकांनी न विचारता दोरा गळ्यातून काढून दिला. तिजोरी उघडल्यावर तो पुन्हा गेला आणि सोनं कुठे आहे म्हणून विचारलं. बोलायचं नसेल तर लिहून द्या, असंही म्हणाला, कागदपेन पुढे केलं. काकांनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि डोळे मिटले.

"निर्दोष माणूस एक ओळ तरी लिहितो," नैषध म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. उलट तो रडवेला होता. लहानपणी त्याला पाढे काकांनीच शिकवले होते. "परवा संवत्सरी. क्षमा मागायच्या दिवशी मी कुणावर फिर्याद करणार नाही. पण तेरवा सकाळी पोलिसांत जाईन. बँकेला उत्तर द्यावं लागेल."

तेरवा सकाळी काकांचं पारणं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस आठ दिवसांचा उपास सोडून उपाश्रयाच्या पायऱ्या उतरणार आणि खाली हवालदार उभा असणार.

कंचनफई इतका वेळ भिंतीकडे बघत होत्या. तिजोरीच्या बरोबर वर नैषधने एक मोठा फलक लावला होता, 'प्राचीन भारतीय ज्ञान, आजचं वित्त'. खाली पाच तत्त्वं होती आणि पाचवं होतं अपरिग्रह, गरजेपेक्षा जास्त न साठवणं. या विषयावर तो अहमदाबादेत व्याख्यानं द्यायचा, लोक पैसे देऊन ऐकायला यायचे.

"अक्षरं सोन्याची आहेत का रे?" फईंनी विचारलं.

"पितळेची, फई."

"मग ठीक. नाहीतर तुझं तीन किलो इथंच सापडलं असतं."

२

विरतीने आधी थैली मागितली. गगोला फईंकडे दिलं आणि तुकडा उजेडात धरला. लगडीची तीन अंगं जशी ओतली तशी होती. चौथं अंग कापलेलं होतं, सरळ, गुळगुळीत, आरशासारखं. तिला वाटलं, हा तुकडा काहीतरी सांगतोय आणि आपल्याला त्याची भाषा येत नाही.

तेवढ्यात गगो रडला. विचार तुटला तो तुटलाच.

त्याला पाजून निजवल्यावर ती कुमारपाळभाईंपाशी बसली. ते साठीचे, मऊ स्वभावाचे. कारखाना चालवला खरा, पण हिशेबाचं नाव काढलं की त्यांना जांभई यायची. सोनं त्यांनी एकदाच डोळ्यांनी पाहिलं होतं. बापांनी तीस लगडी ओळीने मांडल्या होत्या, तेव्हा ग्रॅमचा भाव साडेतीनशे होता. त्यानंतर धनतेरसला तिजोरीची पूजा व्हायची ती बंद दाराची. दाराला कुंकू लावायचं आणि नमस्कार करायचा. बा म्हणायच्या, लक्ष्मी झाकलेली बरी.

"तुमचा कधी पैसा अडकला होता का, कुमारपाळभाई?" विरतीने विचारलं. हा प्रश्न विचारताना तिला लाज वाटली, पण न विचारून चालणार नव्हतं.

ते हसले. मग हसू मावळलं. त्यांनी सांगितलं की पंधरा वर्षांपूर्वी तांब्याच्या सट्ट्यात त्यांनी पंचवीस लाख घालवले होते. घरात कुणाला ठाऊक नाही. फेडले कसे, तर बायकोचे दागिने आणि एक प्लॉट विकून. तिजोरीला हात लावला नाही, लावूच शकले नसते, काकांनी किल्ली दिली नसती.

"पण आमची पेढी तगली, हां," ते सावरून म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "लॉकडाऊन उठला तरी ऑर्डर कुठे होत्या? दिवाळीपर्यंत भट्टी थंड. दरेड वसाहतीतल्या सगळ्या कारखान्यांतले ओतारी बिहारला परत गेले, पुन्हा आले नाहीत. आमचे साठच्या साठ थांबले. मी त्यांना पगार देऊ शकत नव्हतो, तोंडाने फक्त एवढं म्हटलं होतं की थांबा. थांबले. माणसाला माणूस ओळखतो, बेन."

ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. विरतीने ती आधी चार वेळा ऐकली होती, तशी पाचव्यांदा ऐकून घेतली आणि सोडून दिली.

मृदुलाभाभी स्वयंपाकघरात होत्या. पर्युषणात हिरवी भाजी नाही, म्हणून मूग आणि कढीचं चाललं होतं. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची ताटं व्हायला हवीत, म्हणून हात भराभर चालत होते. विरतीने किल्लीचा विषय काढला आणि ते हात थांबले.

"नैषधला मी सांगितलं की किल्ली माझ्या कमरेवरून कधी उतरली नाही," भाभी हळू आवाजात म्हणाल्या. "पर्युषणात खोटं बोलले मी, विरती. उतरायची. दर वर्षी."

३

दर वर्षी, पर्युषण बसायच्या आदल्या दिवशी. घराची झाडलोट चाललेली असायची. बा यायच्या, हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, वहू, तिजोरी पुसायची आहे. भाभी किल्ली काढून द्यायच्या. काका बाहेर ओट्यावर थांबलेले असायचे. दोघं आत जायची. थोड्या वेळाने बा बाहेर यायच्या, हातात जपमाळेची पिशवी घेऊन, आणि दोघं चांदी बाजाराकडे चालत जायची. देरासरला, म्हणजे मंदिरात जातात, असं भाभींना वाटायचं.

"मी विचारलं नाही कधी. सासूला कोण विचारतं? आणि आता बोलले तर काय होईल? गेलेल्या बाईचं नाव खराब होईल. लोक म्हणतील, म्हातारी नि मुनीम मिळून..." त्यांनी पदराने डोळे पुसले. मुगाच्या वाफेने ओले झाले असावेत, असं विरतीने समजून घेतलं.

म्हणजे सोनं बांनी नेलं. पण का? बांना पैसा कशाला हवा होता? विरतीने विचारलं की बांचा हात खर्चिक होता का. त्यावर भाभी एवढ्या हसल्या की त्यांना कठड्याला टेकावं लागलं.

बांच्या कपाटात अकरा साड्या असत. बारावी कधी झाली नाही. भाभींनी दिवाळीला नवी साडी दिली की बा ती कौतुकाने नेसत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक जुनी साडी घरातून गेलेली असे. अकरा भांडी, तीही तशीच. नैषधने सिंगापूरहून बाटली आणली तर एक पेला गेला. "शेवटी मी देणंच सोडलं," भाभी म्हणाल्या. "मी काही दिलं की त्यांची एक वस्तू कमी व्हायची. मला वाईट वाटायचं. बांना मात्र गंमत वाटायची. बापा गेले त्या वर्षी उपाश्रयातल्या महाराजसाहेबांकडून काहीतरी नियम घेऊन आल्या होत्या, तेव्हापासूनचं हे."

"कुठला नियम?"

"नियम घेणारा सांगतो थोडाच? आपण बघायचं आणि ओळखायचं."

बाहेर फई गगोला खेळवत होत्या. त्याच्या दोन्ही मुठींत खुळखुळे होते. फईंनी तिसरा पुढे केला. गगोने तिसऱ्याकडे पाहिलं, हातांतले दोन पाहिले, आणि एक सोडून तिसरा धरला. विरती दारात उभी राहून बघत राहिली. काहीतरी अगदी जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात नैषध जिना उतरून आला. त्याने मघाचं बोलणं ऐकलं होतं. चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे काका एकटे नव्हते तर," तो म्हणाला. "त्यांनी बांना फसवलं. दर वर्षी."

४

उपाश्रयात दुपारी शांतता होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आपापल्या आसनावर बसलेली. काका खांबाला टेकले नव्हते, अठ्ठाईच्या सहाव्या दिवशीही ताठ होते. गाल मात्र आत गेले होते. विरती बायकांच्या बाजूला, पुरेशा अंतरावर बसली.

ती फार बोलली नाही. बांनी दर वर्षी तिजोरी उघडल्याचं कळलंय, एवढं सांगितलं. नैषध काय समजतोय तेही सांगितलं. काकांचा चेहरा हलला नाही. मग ती म्हणाली, "काका, तुमचं मौन तेरवा सुटेल. पण तुम्ही तेव्हाही सांगणार नाही, हो ना?"

काकांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावर गगोच्या दुधाचा डाग होता त्याच्याकडे. आणि ते किंचित हसले. उत्तर काही दिलं नाही, पण ते घाबरलेल्या माणसाचं हसू नव्हतं. हिशेब जुळायला आलेल्या विद्यार्थिनीकडे ते पूर्वी असेच बघायचे आणि उत्तर कधीच सांगायचे नाहीत.

जुळतोय तर, तिने मनात म्हटलं. मग कुठे?

चांदी बाजारात सोन्याचांदीची दुकानं हारीने होती. जपमाळेची पिशवी घेऊन चालत जाणारी म्हातारी बाई लांब जाणार नाही, म्हणून तिने देरासरच्या कोपऱ्यावरचंच पहिलं दुकान धरलं. वजुभाई सोनी गल्ल्यावर होते. तिने कापलेला तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि एवढंच विचारलं की हा कशाने कापला असेल.

वजुभाईंनी तो हातात घेतला नाही. लांबूनच म्हणाले, "आमच्या बारीक करवतीने. कारखान्यातल्या आरीने कापला असता तर कड फाटली असती, आणि कीस किती वाया गेला असता."

"कुणी कापला?"

"बेन, मला धातूचं विचारा. माणसांचं नका विचारू."

विरतीने तुकडा परत थैलीत टाकला. निघता निघता, सहज विचारावं तसं विचारलं, "मागच्या वर्षी पर्युषण बसायच्या आदल्या दिवशी भाव काय होता हो?"

"सात हजार दोनशे," वजुभाई म्हणाले. आणि मग गप्प झाले, कारण कुठल्याही सोनाराला एक वर्षापूर्वीच्या एका दिवसाचा भाव असा ओठांवर असायचं कारण नव्हतं, हे दोघांनाही एकदमच कळलं.

घरी येऊन तिने गगोला झोळीत घातलं. एका पायाने झोळी हलवत, मोबाइलवर आकडे मांडले. आजच्या भावाने, ग्रॅमला दहा हजार धरून, उरलेल्या सोन्याचे पंधरा लाख सत्तावीस हजार होत होते. त्या आकड्याला काहीच अर्थ नव्हता. मग तिने एकशे बावन्न पूर्णांक सात ग्रॅमला सात हजार दोनशेने गुणलं.

झोळी हलवायची थांबली. गगो कुरकुरला, तरी तिचा पाय हलेना.

५

संवत्सरीच्या दुपारी, प्रतिक्रमणाला, म्हणजे वर्षभराच्या चुकांच्या प्रायश्चित्ताला जायच्या आधी, सगळे तिजोरीच्या खोलीत जमले. उपास सगळ्यांचाच होता, त्यामुळे चेहरे उतरलेले आणि आवाज खाली. नैषध फलकाखाली उभा होता. विरतीने थैली टेबलावर ठेवली.

"माझा पहिला प्रश्न चोराबद्दल नाहीच," ती म्हणाली. "तो उरलेल्या सोन्याबद्दल आहे. चोर मागे काही ठेवत नाही. ठेवलंच तर अख्खी लगड ठेवेल. लगड कापून अर्धी परत ठेवणारा चोर कुणी पाहिलाय?"

नैषध म्हणाला की चोराला तेवढंच पुरत असेल. मग तीस-पस्तीस वर्षांत साडेअठ्ठावीस लगडी कशाला लागल्या, असं तिने विचारलं.

तिने सावकाश, काका शिकवायचे तसं एकेक पायरीने सांगितलं. हा तुकडा सोनाराच्या बारीक करवतीने कापलाय, तोलून, नेमका. नेमका म्हणजे कशाला नेमका? ज्या दिवशी बांनी शेवटची तिजोरी उघडली, त्या दिवशीच्या भावाने या थैलीतल्या सोन्याची किंमत होते दहा लाख नव्व्याण्णव हजार चारशे चाळीस. अकरा लाखांना पाचशेसाठ रुपये कमी.

मृदुलाभाभींनी तोंडावर हात ठेवला. त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"अकरा साड्या," त्या म्हणाल्या.

"अकरा भांडी," विरती म्हणाली. "आणि सोनं अकरा लाखांचं. त्याच्यावर नाही. परिग्रहाला मर्यादा घालायचं व्रत. बापा गेले तेव्हा तीन किलोंची किंमत साडेदहा लाख होती. बांनी नियम घेतला तेव्हा मर्यादा डोक्याच्या वर वीतभर होती, त्यांना वाटलं असेल, यात काय कठीण आहे. मग भाव चढायला लागला. सोनं तेवढंच आणि किंमत मात्र वर. पुढच्या वर्षी तेच सोनं मर्यादेबाहेर. म्हणून दर वर्षी पर्युषणाआधी बा तिजोरी उघडायच्या, वजुभाईंकडे जायच्या, वरचं कापून विकायच्या आणि ते पैसे दान करायच्या. भाव जसजसा चढला तसतशी थैली लहान झाली. तुझ्या बा एक दिवसही कमी श्रीमंत झाल्या नाहीत, नैषधभाई. फक्त जास्त व्हायला त्यांनी नकार दिला."

फई हळूच म्हणाल्या की भिंतीवर लिहिलेलं सगळे वाचतात, तिजोरीत लिहिलेलं कोण वाचणार.

नैषधने वर पाहिलं. पाचवं तत्त्व त्याच्या डोक्याच्या वर चमकत होतं. "मग काकांनी हे सांगायला काय हरकत होती?" त्याने विचारलं. "दोन शब्द. मी त्यांना चोर म्हटलं, विरतीबेन. तोंडावर."

"गुप्तदान होतं. सांगितलं की गुप्त राहत नाही. बा गेल्या, तेव्हा ते राखणारे एकटे काकाच उरले. सोनं कुठे गेलं म्हणून तू विचारलंस, आणि त्याचं खरं उत्तर द्यायचं तर कुणाला दिलं तिथपर्यंत जावं लागलं असतं. खोटं ते बोलणार नाहीत. मग गप्प राहण्याशिवाय त्यांच्यापाशी काय होतं?"

"कुणाला दिलं?"

"ते मी शोधलेलं नाही," विरती म्हणाली. "शोधणारही नाही."

पण कुमारपाळभाई खुर्चीवरून उठले होते. ते खिडकीपाशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "लॉकडाऊनच्या वर्षी भाव किती चढला होता?"

विरतीला अंदाज होता. एका वर्षात जवळजवळ एक तृतीयांशाने. म्हणजे त्या पर्युषणाआधी बांनी साडेतीन-चार लाखांचं सोनं कापलं असणार, एरवीपेक्षा कितीतरी जास्त.

"आमच्या ओताऱ्यांच्या चाळीत," कुमारपाळभाई म्हणाले, "पर्युषणानंतर दर आठवड्याला पिठाचं पोतं आणि तेल यायचं. कोण पाठवतं कुणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, सरकार असेल. मला वाटायचं ओतारी माझ्या शब्दावर थांबले. पाच वर्षं मी गावभर सांगत हिंडतोय."

मृदुलाभाभी त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या की शब्द तुमचाच होता, पीठ बांचं होतं, आणि दोन्ही लागतंच.

नैषध खाली बसला, फरशीवर, लहान मुलासारखा. तो स्वतःशीच बोलला. "धंदा बसला की सोनं चढतं. जगात सगळीकडे. म्हणजे ज्या वर्षी लोक अडचणीत, त्याच वर्षी बांचं सोनं सर्वांत जास्त बाहेर पडायचं. आपोआप. भाव चढला की थोडं विकावं, हे आम्ही सिंगापूरला दोन वर्षं शिकतो, आणि वेळ आली की चढत्या भावात कुणाचाही हात सुटत नाही." त्याने थैली उचलली, पुन्हा ठेवली. "बांनी आकडा आधीच ठरवला होता. म्हणून हात सुटला."

देरासरची घंटा वाजली. प्रतिक्रमणाची वेळ झाली होती. सगळे उठले. नैषध मात्र चपला न घालताच सर्वांच्या पुढे निघाला.

उपाश्रयात क्षमापनेची वेळ आली. तो काकांपुढे जाऊन वाकला आणि हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणाला. ते शब्द तो दर वर्षी शे-दीडशे लोकांना मोबाइलवरून पाठवायचा. या वेळी त्याला ते पुरे करायला दोनदा सुरुवात करावी लागली. काका बोलले नाहीत. मौन होतं. त्यांनी हात जोडले आणि कपाळ त्याच्याएवढंच खाली नेलं.

६

पारण्याच्या सकाळी घरात मुगाच्या पाण्याचा वास होता. काका पाटावर बसले होते. नैषधने वाटी भरली आणि चमच्याने पाजायला लागला. घाईत पाणी काकांच्या हनुवटीवर सांडलं.

"एवढी घाई नको," काका म्हणाले. आठ दिवसांनंतरचा आवाज, खरखरीत. "आठ दिवस थांबलोय, अजून दोन मिनिटं थांबेन."

फई हसल्या, आणि मग सगळेच हसले, रडू येत होतं म्हणून जरा जास्तच. विरतीने गगोला काकांच्या मांडीवर दिलं. त्याने लगेच त्यांच्या गळ्याकडे हात नेला, जिथे पूर्वी किल्लीचा दोरा असायचा.

नैषधने खिशातून तो दोरा काढला. काकांच्या गळ्यात घालायला पुढे झाला, पण काकांनी त्याचा हात धरला आणि किल्लीभोवती त्याचीच बोटं मिटवली.

"मी म्हातारा झालो, बेटा. आता तू ठेव."

"काका, नवा कारखाना लहान करतोय. जेवढं कर्ज झोपू देईल तेवढंच," नैषध म्हणाला. "बँकेला सकाळीच कळवलं." मग जरा घुटमळून, "आणि आजच्या भावाने थैलीत पंधरा लाख सत्तावीस हजारांचं आहे. या वर्षीचं कापायचं राहिलंय."

"नियम बांचा होता," काका म्हणाले. "त्यांच्याबरोबर संपला. तुला कुणाचं बंधन नाही."

"हो. माहीत आहे."

तो उठला. आईपुढे हात केला. मृदुलाभाभींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि न विचारता कमरेची किल्ली सोडून दिली. तिजोरीचं दार करकरलं, पुन्हा लागलं. नैषध बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काही दिसत नव्हतं. शर्टाचा खिसा मात्र जरा लोंबला होता.

"पोलिसांकडे तर नाही ना निघालास?" फईंनी ओट्यावरून विचारलं. "सणासुदीला कुठे चाललास रे? सांगून तरी जा."

अहमदाबादेत तासन्‌तास बोलणारा नैषध फईंकडे बघून हसला, चपला घातल्या आणि काही न बोलता चांदी बाजाराच्या रस्त्याला लागला.

काकांनी उरलेलं मुगाचं पाणी वाटीनेच तोंडाला लावलं. विरतीने गगोला उचलून घेतलं. त्याच्या मुठीत काकांच्या उपरण्याचा एक दोरा अडकला होता, तो तिने सोडवला नाही.